सीएनजी हॅचबॅकमध्ये म्युझिक सिस्टीम: नक्की काय बसवू? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-७०३: नमस्कार मंडळी 🙏 एक सल्ला हवाय. आमच्या हॅचबॅकमध्ये कंपनीचा टचस्क्रीन आहे, तो बदलायचा नाही. पण आवाज फार पातळ येतो. एक्स्प्रेसवेला काचा बंद असल्या तरी गाण्याचे शब्द कळत नाहीत. काल एका दुकानात विचारलं, तर त्यांनी १२ इंची बास ट्यूब (नळकांड्यातला सबवूफर, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर), "४००० वॅट"चा ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणि मागच्या शेल्फवर दोन ओव्हल स्पीकर सांगितले. माझं बजेट सगळं धरून ५० हजार आहे. घेऊन टाकू का? गाडी सीएनजी आहे, डिकीत टाकी आहे.

बी-३०२: घे रे बिनधास्त. सबशिवाय मजा नाही.

सी-१०४: दादा, थांब जरा. पैसे भरले नसशील तर आज भरूच नकोस.

४००० वॅट फक्त खोक्यावर असतात. तेवढे खरंच काढायचे तर बॅटरीतून ३०० ॲम्पिअरच्या वर करंट ओढावा लागेल आणि छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) साधारण शंभराच्या आतला असतो. दुकानात एक सोपी गोष्ट कर: ॲम्पच्या कडेला फ्यूज दिसतो, त्यावरचा आकडा वाच. ३० चा एकच फ्यूज असेल तर ३० गुणिले १४ व्होल्ट, म्हणजे ४२०. त्यातले क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) ॲम्पमध्ये साधारण ८० टक्के स्पीकरपर्यंत पोचतात, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे वॅट. खोक्यावर काहीही छापलेलं असो, फ्यूज खोटं बोलत नाही.

विचारायचं ते फक्त "आरएमएस (सतत देता येणारे खरे वॅट) किती, आणि किती ओहमला (स्पीकरच्या किती रोधाला)?" खोक्यावर सीटीए-२००६ (ॲम्पचे वॅट मोजायचं एक मानक) असं लिहिलेलं असेल तर आणखी चांगलं. तो आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का डिस्टॉर्शनच्या (आवाजातल्या बिघाडाच्या) मर्यादेत मोजलेला असतो.

बी-७०३: काका, पण कंपनीच्या सिस्टीमवरसुद्धा ५० गुणिले ४ लिहिलंय. २०० वॅट असून आवाज पातळ कसा?

सी-१०४: तोही पीक, म्हणजे क्षणभराचा कमाल आकडाच. स्क्रीनच्या आतल्या ॲम्पला गाडीचे १४ व्होल्टच मिळतात आणि ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टेजवर स्वच्छ असे फार तर २०-२५ वॅट जातात. त्यापुढे आवाज वाढवला की तो फाटतो, त्याला क्लिपिंग म्हणतात. ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचे छोटे स्पीकर) जळतात ते बहुतेक वेळा याच फाटलेल्या आवाजाने. तुला शब्द कळत नाहीत त्याचं एक कारण हे, आणि दुसरं कारण तुझं दार.

बी-७०३: दार?

सी-१०४: उद्या पार्किंगमध्ये ये, दाखवतो. दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टकटक कर, रिकाम्या डब्यासारखं वाजेल. स्पीकरचा कोन पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे, दाराच्या पोकळीत ढकलतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात आणि त्यांवर नुसता प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. मागची हवा भोकांतून पुढे आली की खालचा आवाज, म्हणजे बास, जागच्या जागी मरतो. चाळीस हजारांचा स्पीकर लावलास तरी हेच होणार.

म्हणून आधी दारं. ब्युटाइलचे (चिकट रबराचे) डॅम्पिंग शीट, पत्र्याची थरथर थांबवायला, आतून बाहेरच्या पत्र्याला रोलरने घट्ट दाबून लावायचे, मग आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची. त्यावर चांगले ६.५ इंची कंपोनंट (मुख्य स्पीकर आणि ट्वीटर वेगवेगळे असलेला सेट). फक्त दाराच्या तळाशी पाणी निघायची छिद्रं असतात, ती बुजवू द्यायची नाहीत. पावसात काचेवरून पाणी दारात उतरतंच. छिद्रं बुजली तर ते आत साठतं आणि दार खालून गंजतं. काम चालू असताना स्वतः उभं राहून हे बघ.

बी-३०२: काका, दारं ठीक आहे, पण दारातल्या स्पीकरने छातीत धडक बसत नाही. १२ इंची हवाच.

सी-१०४: तुझ्या एसयूव्हीत १२ इंची शोभेल, माझी ना नाही. याच्या डिकीत सिलेंडर आहे रे. ट्यूब ठेवली की बॅग ठेवायला जागा नाही, शिवाय सिलेंडरच्या पट्ट्या आणि पाइप जिथे आहेत तिथे कोणी स्क्रू मारणार हे मला अजिबात पटत नाही. अर्थिंगसाठी सुद्धा मागच्या सीटखाली ड्रिल करू द्यायचं नाही, खाली पेट्रोलची टाकी असते. गाडीचाच एखादा अर्थचा बोल्ट शोधायचा, तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करायचा आणि मग रिंग टर्मिनल घट्ट आवळायचं.

याला सीटखालचा ८ इंची ॲक्टिव्ह सब बरा. ॲम्प त्याच्या आतच असतो. छातीत धडक नाही बसणार, पण दारांना जो भार झेपत नाही तो उचलेल.

डी-६०२: मी एक म्हातारा माणूस विचारतो. आम्ही अभंग आणि शास्त्रीय ऐकतो. आमच्यासारख्यांना सब लागतो का?

सी-१०४: नमस्कार काका. तुमच्यासाठी दार आणि पुढचे स्पीकर हेच खरं. पुरुषाचा आवाज, हार्मोनियम, तंबोरा हे सगळं दारातला ६.५ इंची स्पीकर छान पेलतो. सब लागतो तो डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाची धुमाळी पूर्ण उतरायला, आणि तेवढ्यासाठी छोटा, बंद पेटीतला पुरतो. बंद पेटीत बास आटोपशीर राहतो, ठेका लगेच थांबतो. भोकाची म्हणजे पोर्टेड पेटी जास्त जोरात वाजते पण थोडी रेंगाळते. ढोलकीला ते रेंगाळणं जाणवतं.

आणि मागचे स्पीकर नाही घेतले तरी चालेल. गायक समोर बसलाय असं वाटायला हवं, मागून आवाज आला की ते बिघडतं. बी-७०३, हे तुलाही लागू. शेल्फवरचे ओव्हल कट कर, ते पैसे पुढे घाल.

डी-६०२: छान समजावलंत. धन्यवाद.

ए-२०१: विषयाला धरूनच लिहितेय, राग मानू नका. आमचं बेडरूम पार्किंगच्या बरोब्बर वर आहे. रात्री साडेअकराला कोणीतरी गाडी लावून गाणं संपेपर्यंत आत बसतं. शब्द ऐकू येत नाहीत, नुसतं धम धम. खिडकीची काच थरथरते आणि बाळ दचकून उठतं. नवीन सिस्टीम जरूर लावा, पण हेही बघा ना.

बी-७०३: ताई, अगदी बरोबर. मी गेटमधून आत येतानाच बंद करत जाईन.

सी-१०४: ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गाडीच्या काचा गाण्याचे शब्द अडवतात, बास नाही अडवत. खालच्या लहरी लांब असतात, पत्र्यातून आणि स्लॅबमधून आरपार जातात. आत बसलेल्याला वाटतं बाहेर काहीच जात नसेल. पार्किंगला छत असेल तर आणखी घुमतं.

सचिव: नोंद घेतली. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ मध्ये ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० नंतर पार्किंगमध्ये गाडीची म्युझिक सिस्टीम बंद, असा ठराव येत्या मीटिंगला मांडतो. चर्चा पुढे चालू ठेवायला हरकत नाही.

ए-५०५: आमची इलेक्ट्रिक आहे. तिला चालेल का हे सगळं?

सी-१०४: चालेल. इलेक्ट्रिकमध्येही एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, पॉवर फक्त तिच्यावरूनच घ्यायची. नारिंगी रंगाच्या जाड केबलला कोणाला हात लावू देऊ नका, ती हाय व्होल्टेजची असते. आणि आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, वॉरंटीच्या अटी गाडीगाडीला वेगळ्या.

बी-७०३: काका, मग माझी यादी कशी करू? ॲम्प घ्यायचा ना?

सी-१०४: हो. छोटा ४ चॅनेल क्लास डी, चॅनेलला ५० ते ७५ आरएमएस. दोन चॅनेल पुढच्या कंपोनंटला. उरलेले दोन मोकळे ठेव, किंवा उद्या गाडी बदललीस तर ब्रिज करून (दोन चॅनेल एकत्र जोडून) १० इंची सब त्यावर चालेल. ब्रिज करताना सब ४ ओहमचाच पाहिजे. बरेचसे ४ चॅनेल ॲम्प ब्रिजमध्ये २ ओहम झेपत नाहीत, तापून बंद पडतात. डबल कॉइलचा (आत दोन गुंडाळ्या असलेला) सब घेतलास तर २ अधिक २ वाला सिरीजमध्ये जोडून ४ होतो, ४ अधिक ४ वाला पॅरललमध्ये २ होतो. दुकानदाराला हे विचार. त्याने नीट उत्तर दिलं तर माणूस जाणकार.

स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला किती जोरात वाजतो) बघ. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा घेतलास तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट लागतात. तुझ्या बजेटमध्ये मोठ्या ॲम्पपेक्षा हे स्वस्तात पडतं.

आता वायर. इथे सगळ्यात जास्त फसवतात. दुकानात वायरचं टोक मागून घे आणि ब्लेडने एक तार खरवड. आतपर्यंत लालसर राहिली तर तांबं. वरचा मुलामा निघून आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम आहे, सीसीए म्हणतात. ते त्याच जाडीला कमी करंट वाहतं आणि टोकाशी सैल होऊन तापतं. तू तांब्याची घे, तुझ्या लोडला ८ गेज जाडीची पुरेल. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर पाहिजे म्हणजे पाहिजे. वायर इंजिनच्या पत्र्यातून आत येते तिथे रबरी ग्रोमेट. घासून शॉर्ट झाली आणि फ्यूज नसला तर गाडी पेटते, आणि तुझ्या गाडीत गॅस आहे.

पॉवरची वायर एका बाजूने, सिग्नलची दुसऱ्या बाजूने. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते.

बी-७०३: स्क्रीन बदलायचा नाही, मग ॲम्पला सिग्नल कुठून?

सी-१०४: हाय लेव्हल इनपुटवाला ॲम्प घे, तो स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेतो. मूळ वायर कापू देऊ नको, तुझ्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) बाजारात मिळतो. पुण्यातल्या नाना पेठेत विचार, न मिळाल्यास मागवून देतात.

एक धोक्याची गोष्ट राहिली. ट्वीटर पुढच्या काचेशेजारच्या खांबात बसवायचा आग्रह करतील. तुझ्या व्हेरियंटला कर्टन एअरबॅग आहे ना? मग ती छताच्या कडेने असते आणि काही गाड्यांत त्या खांबापर्यंत येते. तिथे ड्रिल अजिबात नाही. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात जागा असेल तर तिथे, नाहीतर दाराच्या आरशाच्या त्रिकोणात.

बी-३०२: काका, ट्यूनिंगचं पण सांगा ना. मी पण चेक करतो माझं.

सी-१०४: पुढच्या स्पीकरला हायपास (फक्त वरचा आवाज जाऊ देणारा) ८० हर्ट्झ, सबला लोपास (फक्त खालचा जाऊ देणारा) ८० हर्ट्झ. तिथून कानाने थोडं वरखाली. बास बूस्टची खुंटी शून्यावर. आणि ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाजाची खुंटी नव्हे, तो येणारा सिग्नल ॲम्पशी जुळवायला असतो. स्क्रीनचा आवाज पाऊण ठेवायचा, गेन हळूहळू वाढवायचा, फाटायला लागलं की थोडा मागे घ्यायचा, तिथे सोडून द्यायचा.

बी-३०२: माझा गेन पूर्ण फिरवून ठेवलाय दुकानवाल्याने 😮 उद्याच बघतो.

बी-७०३: म्हणजे दारं, पुढचे कंपोनंट, छोटा ४ चॅनेल, सीटखालचा सब आणि तांब्याची वायर. ट्यूब आणि ओव्हल कॅन्सल. रविवारी सकाळी १० ला पार्किंगमध्ये भेटू का काका? दुकानात जाण्याआधी दार एकदा बघून घेऊ.

सी-१०४: ये. आणि दाराच्या पॅनेलच्या प्लास्टिक क्लिपा आधी आणून ठेव, चार-पाच जास्तीच्या. उघडताना एक-दोन तुटतातच आणि तुटलेल्या तशाच लावल्या की पॅनेल खडखडतं.