पुणे–जळगाव विमानाने: खरा वेळ किती लागतो? अनुभव सांगा

दिवाळीत आई-बाबांना जळगावहून पुण्याला आणायचंय. इतकी वर्षं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच ये-जा केली, पण बाबांच्या गुडघ्यांना आता स्लीपरची शिडी झेपत नाही. तिकीट काढताना एक तास दिसतो, रस्त्याने अंतर 400 किमीच्या आसपास. विमानाने गेलेल्यांनी लिहा.

केळीवाला
पुण्याचा लोहगाव विमानतळ ते जळगाव सरळ रेषेत सुमारे 320 किमी. या मार्गावरचं पंख्यांचं छोटं विमान, एटीआर 72, ताशी 500 किमीच्या आगेमागे उडतं, म्हणजे चाळीस मिनिटांत पोचायला हवं. पण वेळापत्रकातला तास-सव्वा तास हा विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. लोहगाव हवाई दलाचा तळ, तिथे उड्डाणासाठी खोळंबणं त्यातच आलं. मागच्या खेपेला मी घड्याळ लावलं होतं: चाकं उचलली ते टेकली, 48 मिनिटं.

आता घर ते घर. कोथरूडहून लोहगाव सव्वा तास (संध्याकाळी दोन धरा), दीड तास आधी हजेरी, प्रवास, बॅगा, मग कुसुंब्याच्या विमानतळावरून जळगावात पंधरा मिनिटं. साडेचार तास. ट्रॅव्हल्सला नऊ-दहा. पाच तास वाचले म्हणून खूश होतो आपण, पण बस रात्री झोपेत जाते, विमान कामाचा अर्धा दिवस खातं. मी एकटा असलो तर अजूनही बसच.

खिडकीपाशी
जळगावला जाताना उजवी खिडकी, येताना डावी. एटीआरचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे खाली सगळं मोकळं दिसतं. श्रीरामपूरची उसाची हिरवी चौकटं, लांबवर नाथसागराचं पाणी, मग कन्नडपाशी डोंगर संपतो आणि खानदेश एकदम खाली उतरतो. अजिंठ्याचा घाट बसने शंभरदा उतरले असेन, तो एवढासा आहे हे वरून कळलं. पंख्याच्या रांगेत बसू नका, कान किटतात. मागे शांत.

भुसावळकर
विमान रोज असेलच असं नाही, वार बघून घ्या. माझं ऐनवेळी रद्द झालं. पैसे मिळाले, पण भाचीची हळद हुकली. शेवटी महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात दाराशी बसून लग्नाच्या सकाळी पोचलो. कार्य असेल तर एक दिवस आधीचं काढा, भो.

लेवा_सून
सासऱ्यांना गेल्या वर्षी आणलं, तेही गुडघेवालेच. एटीआरचं दार मागच्या बाजूला असतं, दाराचाच जिना होतो, मोजून पाच-सहा पायऱ्या. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा, विमानतळावर गेल्यावर नको. जळगावचा विमानतळ इतका लहान की चालायचं फारसं नाहीच. दमछाक पुण्यात उतरल्यावर, गाडी मिळेपर्यंत.

धागाकर्ता
पाच-सहा पायऱ्या म्हणजे जमेल, बाबा तयार आहेत. आईचा प्रश्न वेगळाच: भरताची वांगी किती नेता येतील?

लेवा_सून
चेक-इनच्या बॅगेत टाका, पण 15 किलोच्या वर पैसे पडतात. काकूंना आधीच सांगा, आमच्याकडे काउंटरवर पिशवी सोडून चार किलो कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ मागे ठेवावं लागलं होतं.