एलोडी क्लुव्हेल: दोनदा सिल्व्हर, गोल्ड कुठे अडलं?

कट्टेकरी_७७:
काल पॅरिस ऑलिंपिकचं मॉडर्न पेंटॅथलॉन परत बघितलं, व्हर्सायच्या राजवाड्यासमोरचं. घोडेस्वारी, तलवारबाजी, पोहणं, पळणं आणि नेमबाजी, पाच खेळ एकात. फ्रान्सची एलोडी क्लुव्हेल रिओ २०१६ ला सिल्व्हर, टोकियोत हात रिकामे, आणि पॅरिसला ३५ व्या वर्षी घरच्या पब्लिकसमोर परत सिल्व्हर. एवढी भारी आहे तर गोल्ड का नाही? मूळची स्विमर ना ती, मग पाण्यातच सगळ्यांना धुवायला हवं ना?

लेझररन_वेडा:
अरे पाण्यात धुतेच ती, पण २०० मीटर फ्रीस्टाइलला तीनचार सेकंद पुढे राहून हातात मोजके पॉइंट येतात. खरी मारामारी तलवारबाजीत. ३६ जणी, प्रत्येकीशी एक बाउट (लढत), म्हणजे ३५ बाउट, आणि प्रत्येक बाउट तलवारीच्या एका टचवर खलास. मग शेवटी लेझर रन, म्हणजे पळता पळता लेझर पिस्तुलाने नेमबाजी. तिथे आधीच्या पॉइंटवरून १ पॉइंट म्हणजे १ सेकंद या हिशोबाने मागेपुढे सोडतात, ६०० मीटरच्या ५ फेऱ्या आणि मधे ४ वेळा धापा टाकत ५-५ टार्गेट. रिओला ऑस्ट्रेलियाची क्लोई एस्पोसिटो ४५ सेकंद मागून सुटली आणि गोल्ड घेऊन गेली, बोला आता.

सांगलीची_पोर:
"कुठे अडलं" हा प्रश्नच मला पटत नाही. पॅरिसला हंगेरीच्या मिशेल गुल्याशने १४६१ पॉइंट करून वर्ल्ड रेकॉर्ड केला, क्लुव्हेल १४५२. रेकॉर्डवाली समोर असताना ९ पॉइंटने मागे राहणं याला अडणं म्हणतात होय? आणि या खेळात ऑलिंपिक मेडल घेणारी पहिली फ्रेंच बाई हीच, ते कोणी बोलत नाही. आईवडील दोघं धावपटू, त्यामुळे पळणं घरातलंच.

घोडेवाले_काका:
पोरांनो, घोड्याचं कुणी बोललंच नाही. चिठ्ठीत येईल तो घोडा असायचा, ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटं मिळायची. टोकियोत जर्मनीची आनिका श्लॉय पहिल्या नंबरवर होती, सेंट बॉय नावाचा घोडा उडीच मारेना, पोरगी रडत बसली खोगिरावर आणि थेट ३१ वी. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पॅरिसनंतर घोडेस्वारीच बंद, आता ऑब्स्टॅकल, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. मला विचाराल तर वाईट झालं, त्या लॉटरीतच खरी मजा होती.

सांगलीची_पोर:
काका, मजा तुम्हाला, चार वर्षं घाम गाळून अनोळखी घोड्याच्या मूडवर मेडल घालवणाऱ्याला विचारा.

कट्टेकरी_७७:
ओके, ९ सेकंदांचा हिशोब आत्ता डोक्यात शिरला. मग लेझर रन कुठून बघू, पूर्ण बघायला वेळ नाही.

लेझररन_वेडा:
तिसऱ्या शूटिंगपासून लाव. आणि कोण पुढे पळतंय ते सोड, कोणाचा हात हलतोय ते बघ.