पौर्णिमेची रात्र, हाद रिनचा किनारा आणि डाव्या पायाची चप्पल

माळा आवरताना जुन्या सॅकच्या तळाशी उजव्या पायाची एक रबरी चप्पल सापडली आणि २०१४ सालची कोह फांगन बेटावरची ती रात्र आठवली. थायलंडच्या आखातातील या बेटावर दर पौर्णिमेला पहाटेपर्यंत नाच चालतो, असे ऐकून आम्ही कोह समुईहून स्पीडबोटीने गेलो आणि शंभर बाट भरून मनगटाला पट्टी बांधून घेतली. हाद रिनचा किनारा पूर्वेकडे असल्यामुळे चंद्र थेट समुद्रातून वर येतो. तेवढ्यासाठी गेलेलो आम्ही गालावर चमकत्या रंगाची फुले काढून घेण्याच्या रांगेत अडकलो आणि मान वर केली तेव्हा तो चांगला दोन हात वर आला होता. डावी चप्पल त्याच वाळूत राहिली. आपापले अनुभव अवश्य लिहा.

—

चप्पल गेली, पाय तर शाबूत आले! पेटत्या दोरीवरून उड्या मारण्याचा खेळ मीही खेळलो. दोरी रॉकेलमध्ये भिजवलेली असते, त्यामुळे ती पायाला नुसती लागत नाही, चिकटते. दवाखान्यातील परिचारिकेने मान वर न करताच "दोरी?" एवढेच विचारले आणि मलमपट्टीचा ट्रे पुढे ओढला. माझ्या आधी बाकावर तिघे बसले होते, तिघांचाही उजवा घोटा भाजलेला.

—

बादलीचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? लहान मुले वाळूत खेळतात तशी प्लॅस्टिकची बादली, तिच्यात थाई दारू, कोला, एनर्जी ड्रिंक आणि मूठभर स्ट्रॉ. चौघींनी मिळून एक घेतली. चव कफ सिरपसारखी होती, तरीही ती संपली, याचे आश्चर्य मला आजही वाटते.

—

आमची पौर्णिमाच हुकली. विशाख पूजा, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, त्याच दिवशी होती. अशा धार्मिक दिवशी पार्टी पुढे ढकलतात, हे परतीचे तिकीट काढून झाल्यावर कळले. दारूविक्री बंद होती, किनारा रिकामा होता आणि चंद्र मात्र पूर्ण होता. धागाकर्त्यांना जो पाहायचा होता, तो आम्ही दोघांनी वाळूत बसून, शहाळे पीत, शांतपणे पाहिला. नवरा अजूनही ती सहल फुकट गेली असे म्हणतो. मला तसे वाटत नाही.

—

फुकट कशी गेली? उलट हेवा वाटला.

—

पहाटेविषयी लिहितो, कारण रात्रीचे मला फारसे आठवत नाही. ज्या समुद्रातून संध्याकाळी चंद्र वर आला, त्यातूनच सूर्य वर आला. पाण्याच्या कडेला झोपलेल्या एका मुलाच्या कमरेपर्यंत लाट येऊन गेली, तरी त्याने फक्त कूस बदलली. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा सर्वत्र होत्या, म्हणून अनवाणी चालण्याचे धाडस न करता मी बेवारशी चपलांच्या ढिगातून दोन उचलल्या. बोटीत बसल्यावर लक्षात आले की दोन्ही डाव्या पायाच्या आहेत. त्यांतील एक निळी होती.

—

धागाकर्ता : माझीही निळीच आहे! आपण कोणत्या साली गेला होता?

—

२०१८. परंतु ढीग जुना दिसत होता.