आवाज एकसुरी होता, मग तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

ऑफिसच्या कॉलवर मला दोन वेगवेगळ्या मॅनेजरांनी विचारलंय, "तुला या कामात इंटरेस्ट नाहीये का?" इंटरेस्ट भरपूर होता, तो आवाजातून पोचत नव्हता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं एकाच पट्टीत, वाक्य संपलं की चालूच आहे हेही समोरच्याला कळायचं नाही. आता बरेच महिने यावर मेहनत घेतोय आणि फरक पडलाय.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दावर जोर देऊन म्हणण्याचा. "मी त्याला काल पाचशे रुपये दिले." 'मी'वर जोर दिला तर दुसऱ्या कुणी नाही, मी दिले. 'काल'वर दिला तर आज नाही. 'पाचशे'वर दिला तर हजार नाही. जोर म्हणजे ओरडणं नव्हे, तो शब्द किंचित वर उचलायचा, जरासा लांबवायचा किंवा त्याच्या आधी क्षणभर थांबायचं. सुरुवातीला फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर सगळी वाक्यं सारखीच! बोलताना मात्र वाटत होतं की मी अगदी नाटकात बोलल्यासारखं बोलतोय. आपल्याला जे अति वाटतं ते ऐकणाऱ्याला जेमतेम नॉर्मल वाटतं, हे रेकॉर्डिंगशिवाय पटत नाही.

तुमचं काय? कारण काहीही असो, सविस्तर लिहा.

---

मी प्राथमिक शाळेत शिकवते, सातारा जिल्ह्यात. दुपारच्या तासाला धडा वाचायला घेतला की मुलं पेंगायची. मला कुणी कोर्स वगैरे दिला नाही, मी शिकले ते गावातल्या सप्ताहातल्या कीर्तनांमधून. एकदा नीट लक्ष देऊन बसले की बुवा नेमकं करतात काय. आख्यान रंगात आलं की ते आवाज चढवतात असं आपल्याला वाटतं, पण खरं तर ऐन प्रसंगाला आवाज खाली आणतात, वेग कमी करतात आणि मग थांबतात, त्या थांबण्यात अख्खा मंडप पुढे सरकून बसतो. मी वर्गात तेच करायला लागले. "आणि दार उघडलं तर आत..." इथे थांबायचं, मुलांकडे बघायचं. मागच्या बाकावरून "कोण होतं बाई?" असं आलं की समजायचं जमलं. घाईघाईत बोलणाऱ्याचा आवाज एकसुरी होतोच, कारण चढउताराला जागाच उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

---

माझं कारण वेगळं आहे. थायरॉईडचं ऑपरेशन झालं आणि नंतर आवाज सपाट झाला. बोलता येत होतं, घोगरा पण नव्हता, पण वरचे सूर गेले. भजनी मंडळात गवळण म्हणताना आवाज वर जाईचना, आणि घरात कुणाला लांबून हाक मारली तरी ती हाक वाटायची नाही. ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं आणि समजावून सांगितलं की स्वरतंतूंना ताण देऊन सूर वर नेणारा एक छोटा स्नायू असतो, त्याची नस थायरॉईडच्या वरच्या टोकाला अगदी लागून जाते आणि ऑपरेशनमध्ये ती दुखावू शकते. मग स्पीच थेरपिस्टकडे गेले. खालच्या सुरापासून वरपर्यंत न तोडता सरकत जायचं, गाण्यातली मींड घेतात तसं, आणि तसंच खाली यायचं, घसा अजिबात न आवळता. बोलण्यातले चढउतार बऱ्यापैकी परत आले, तार सप्तक नाही आलं. ऑपरेशननंतर आवाज असा बदलला तर "होईल आपोआप" म्हणत बसू नका, लवकर दाखवा.

---

मी थोडं उलट लिहितो. मी ऑटिस्टिक आहे आणि माझा आवाज लहानपणापासून असाच आहे. शाळेत कवितेला हावभाव करून म्हणायला उभं केलं की पोटात गोळा यायचा. इंटरव्ह्यूपुरता सराव केला, जमतं, पण नंतर पार थकायला होतं. आता जवळच्या लोकांना सरळ सांगितलंय की आवाजावरून अंदाज बांधू नका, शब्द ऐका. "मला खूप आनंद झालाय" असं मी म्हणतो तेव्हा मला खूप आनंदच झालेला असतो. बहिणीला हे समजल्यापासून आमच्यातले निम्मे गैरसमज संपले. ज्यांना बदलायचंय त्यांनी जरूर बदलावं, पण प्रत्येकाने बदललंच पाहिजे असं नाही.

---

कॉम्प्युटरवर बसायची आवड असेल तर प्राट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं, भाषा शिकणारे-शिकवणारे वापरतात. आपलं रेकॉर्डिंग टाकलं की सुराची निळी रेघ दिसते. "तू येतोयस." आणि "तू येतोयस?" असं दोन्ही म्हणून बघा, 'का' नसताना प्रश्न फक्त शेवटच्या चढावरच उभा असतो. माझी रेघ दोन्हीकडे जवळजवळ आडवी होती. कानाला जे कळत नव्हतं ते डोळ्याला कळलं.

---

बाबांबद्दल लिहिते. त्यांचा आवाज हळूहळू बारीक आणि सपाट होत गेला, चेहऱ्यावरही काही दिसेना. आईला वाटायचं रागावलेत, आम्हाला वाटायचं रिटायर झाल्यामुळे उदास आहेत. निघालं पार्किन्सन्स. यात श्वासाच्या आणि स्वरयंत्राच्या स्नायूंची हालचाल लहान होते, आणि मुख्य म्हणजे पेशंटला स्वतःला आपला आवाज व्यवस्थित मोठा वाटत असतो, म्हणून "अहो, मोठ्याने बोला ना" असं दिवसभर म्हणून उपयोग नसतो, उलट ते चिडतात.

त्यांना एलएसव्हीटी लाऊड नावाची थेरपी दिली. आठवड्यातून 4 दिवस, असे 4 आठवडे, प्रत्येक वेळी तासभर, शिवाय घरचा अभ्यास. सूचना जवळजवळ एकच, आवाज मोठा ठेवा. श्वास भरून लांबलचक "आ", मग वर चढवत "आ", खाली उतरवत "आ", आणि मग रोजच्या वापरातली स्वतःची 10 वाक्यं. बाबांची यादी आईने लिहून फ्रिजवर लावली होती, "अगं, चहा टाक", "पेपर आला का?", "माझी गोळी झाली", "रिमोट कुठंय?" आवाज मोठा झाला की चढउतारही त्याच्यासोबत यायला लागतात हे मला नवीन होतं. "पेपर आला का?" मधला 'का' पुन्हा वर जायला लागला तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

सराव सोडला की आवाज परत खाली जातो, म्हणून "आ" अजून रोज चालू आहे, शेजारच्यांना सांगून ठेवलंय.

---

बाबांचं वाचून बरं वाटलं. माझ्या सासऱ्यांनाही तोच आजार आहे, आवाजाचीही थेरपी असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मुंबईत कुठे चौकशी करावी?

---

आधी न्यूरॉलॉजिस्टना स्पीच थेरपिस्टकडे चिठ्ठी द्यायला सांगा. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे केंद्र सरकारची, वाचा आणि श्रवणाचीच, तिथेही विचारता येईल. थेरपिस्टना पार्किन्सन्सचा अनुभव आहे का ते पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. आणि जाताना सासऱ्यांच्या जुन्या आवाजाचं एखादं रेकॉर्डिंग, लग्नाच्या व्हिडिओतलं वगैरे, असेल तर घेऊन जा, आधी कसे बोलायचे ते त्यांना कळतं.