कानडी उताऱ्याचा फोटो मराठीत कसा वाचायचा?

खानापूरची नात:
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आजीच्या नावची थोडी भातशेती आहे. आजी गेली, आता वारस नोंद करायची आहे. मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर पहाणीचे (म्हणजे कर्नाटकातल्या सातबाराचे) दोन फोटो पाठवलेत, एक छापील आणि एक जुना, हाताने लिहिलेला. आम्ही पुण्यात, घरात कानडी कुणालाच येत नाही. फोटो भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला, तर आजीच्या नावाचंच भाषांतर झालं आणि क्षेत्राच्या जागी तारीख आली! जमीन अजून आजीच्याच नावावर आहे का आणि किती आहे, एवढंच आईला कळायला हवंय. ती रोज विचारते. काय करू?

टिळकवाडीकर:
ताई, अ‍ॅप एकाच वेळी दोन कामं करतं. आधी चित्रातली अक्षरं ओळखतं, मग त्यांचं भाषांतर. पहिलं चुकलं की दुसरं चुकणारच, म्हणून ही कामं वेगळी करा. फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. वर चित्र आणि खाली ओळखलेला मजकूर येईल. तो मजकूर चित्राशी ताडून पाहून मगच भाषांतराला टाका. मूळ भाषा 'कन्नड' अशी हाताने निवडा, कारण तेलुगू लिपी इतकी सारखी दिसते की आपोआप ओळखताना घोळ होऊ शकतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. एरवी तो दाबला जातो. कानडीत जोडाक्षराचा दुसरा भाग मुख्य अक्षराखाली बारीक लिहितात, आणि आधी पुसट होतो तो तोच.

शिरस्तेदार:
छापील उताऱ्याचा फोटो हवाच कशाला? कर्नाटक सरकारच्या 'भूमी' संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला महसुली विभाग), गाव आणि सर्व्हे नंबर भरला की पहाणी दिसते. तिचा स्क्रीनशॉट कुठल्याही फोटोपेक्षा स्वच्छ येतो. मालकाचं नाव 9 व्या रकान्यात असतं, बोजा 11 व्या.

क्षेत्राच्या रकान्यात तारीख का आली तेही सांगतो. तिथे एकर, गुंठे, आणे (गुंठ्याचे सोळावे भाग) टिंबांनी तोडून लिहितात. 2.15.00 म्हणजे 2 एकर 15 गुंठे. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे दशांशात ते 2.375 एकर होतं, 2.15 नव्हे. हे आकडे यंत्रावर सोडू नका, डोळ्यांनीच वाचा.

खानापूरची नात:
दादा, भूमीवर सापडलं! 9 व्या रकान्यातली अक्षरं डॉक्समधून काढून देवनागरीत लिप्यंतर केली. आजीचंच नाव आहे, आजोबांच्या नावासकट. आईला लगेच फोन केला. आता हस्तलिखिताचं कसं करू?

टिळकवाडीकर:
त्यासाठी माणूसच गाठा. हाताने लिहिलेल्या कानडीत 'एक' हा आकडा म्हणजे न मिटलेलं शून्य, आणि सहा-नऊही एकमेकांसारखे. सर्व्हे नंबर असा चुकला तर भलत्याचीच जमीन शोधत बसाल. मामांना तो कागद घेऊन खानापूरच्या तहसील कचेरीबाहेर एखाद्या अर्ज लिहिणाऱ्याकडे जाऊ द्या.

शिरस्तेदार:
मामांना जुने फेरफारही काढायला सांगा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी मराठीत सापडू शकतात. वारस नोंदीच्या अर्जाला मात्र कानडी उताराच लागेल. तिथे भाषांतर कुणी मागणार नाही.