आजीच्या इरकलीचा गोधडी-कोट ज्युरीड फॅशन शोला पाठवतेय, अनुभवी लोकांनी प्लीज सांगा

सुईदोरा_मिनेसोटा

नमस्कार मंडळी, मी मिनेसोटात राहते, इथल्या विणकर आणि क्विल्टवाल्या बायकांच्या ग्रुपमध्ये तीन वर्षं जातेय. माझी आजी गडहिंग्लजकडची, आयुष्यभर इरकल नेसली, ती गेल्यावर आईने तिची दोन लुगडी आणि जुन्या मऊ सुती साड्यांचं एक गाठोडं माझ्याकडे दिलं. त्यातल्या एका लुगड्याचा मी बिनबाह्यांचा गुडघ्यापर्यंत लांब कोट केलाय, वर इरकल, मध्ये धोतराचे दोन थर, आत सुती साडीचं अस्तर, आणि सगळा कोट हाताने धावदोरा घालून गोधडीसारखा शिवलाय. रोज रात्री मुलं झोपली की तास दीड तास असं करत सात महिने लागले. पाठीवर लाल टोपपदर, म्हणजे इरकलीचा पदर, घेतलाय आणि कंबरेवर त्याच कापडाचा रुंद पट्टा आहे.

आता एका टेक्स्टाइल कॉन्फरन्सच्या ज्युरीड फॅशन शोला पाठवायचाय. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शोला खणाचं जॅकेट पाठवलं होतं तर दोन ओळींची नकाराची मेल आली, कारण काहीच नाही, फी पण परत नाही, खूप वाईट वाटलं खरं सांगायचं तर. यावेळी नीट तयारी करून पाठवायचंय.

प्रश्न असे की पहिल्या फेरीला फक्त फोटो बघतात तर ते कसे काढू? शंभर शब्दांत माहिती लिहायचीय त्यात काय लिहू? विम्यासाठी किंमत टाका म्हणतात, आजीच्या लुगड्याची काय किंमत लावायची? आणि मॉडेल त्यांची असते, तिला कोट बसलाच नाही तर?

अजून एक, मुंढ्यापाशी इरकलीचा लाल रंग अस्तराला थोडा लागलाय, साधारण दोन बोटं. ते कसं झाकू?

माहितीचा मसुदा असा लिहिलाय: "हा कोट म्हणजे माझ्या आजीच्या मायेची ऊब आहे. तिच्या आठवणींचे धागे मी यात गुंफले आहेत. परंपरा आणि आधुनिकता यांचा हा संगम आहे."

खणचोळी

सुईदोरा, अभिनंदन आधी, सात महिने एका कपड्यावर बसायचं म्हणजे काय असतं ते मला माहितीय. मी अमेरिकेतच, पूर्व किनाऱ्यावर, चारदा एंट्री दिलीय, दोनदा घेतली, दोनदा नाही.

पहिलं म्हणजे ज्युरीड आणि जज्ड यातला फरक डोक्यात पक्का कर. ज्युरी निवड करते, म्हणजे शोमध्ये कोण येणार ते ठरवते, बक्षीस त्यानंतर. तुमच्याकडच्या स्टेट फेअरसारख्या ठिकाणी वस्तू प्रत्यक्ष हातात घेऊन, उलटी करून, टाके बघून गुण देतात. ज्युरीच्या पहिल्या फेरीत कपडा कोणी हातात घेत नाही. बहुतेक ठिकाणी नाव पण लपवलेलं असतं, ज्युरीच्या माणसासमोर एकामागून एक शेकडो फोटो जातात आणि तुझ्या वाट्याला थोडा वेळ येतो. त्यामुळे गेल्या वर्षीचा नकार म्हणजे जॅकेट वाईट होतं असं अजिबात नाही, कदाचित त्या वर्षी तसेच चार कपडे आले असतील, कदाचित शोचा रंगमेळ वेगळा असेल, कदाचित फोटोत खण दिसलाच नसेल. ते जॅकेट जपून ठेव, दुसरीकडे पाठव.

आणि नियम शेवटच्या शब्दापर्यंत वाच. विणकरांच्या काही शोमध्ये कापड स्वतः विणलेलंच लागतं, बाजारातलं किंवा जुनं चालत नाही. हँडवीव्हर्स गिल्ड ऑफ अमेरिका ही १९६९ पासूनची संस्था दर दोन वर्षांनी कन्व्हर्जन्स नावाचं अधिवेशन भरवते, त्यातही ज्युरीड फॅशन शो असतो, पण प्रत्येक शोच्या अटी निराळ्या आणि त्या दर खेपेला बदलू शकतात. शंका असेल तर फी भरायच्या आधी आयोजकांना मेल कर, "कापड माझ्या आजीचं, हातमागाचं, शिवण आणि गोधडीकाम माझं, चालेल का" असं स्पष्ट विचार.

आता फोटो. हँगरवर लटकवून काढू नको, खांदे पडतात. डमीवर किंवा माणसावर घाल. मागे करडी किंवा पांढरी साधी भिंत, बाकी घरातलं काही दिसायला नको, दागिने नको, फुलं नको. एक पूर्ण पुढून, एक पूर्ण पाठीकडून, एक जवळून. मोबाइल छातीच्या उंचीला धर, आठ-दहा फूट लांब उभी राहा आणि थोडा झूम कर, जवळून काढलं की कोटाचा आकार फुगतो. इरकलीचा लाल मोबाइलमध्ये भडक होऊन सपाट दिसतो, त्यातली वीण जाते, म्हणून उजेड थोडा कमी करून काढ. आणि धावदोऱ्याच्या फोटोसाठी खिडकी एका बाजूला येऊ दे, समोरून फ्लॅश मारला तर गोधडी इस्त्री केलेल्या चादरीसारखी दिसेल, बाजूने उजेड आला की प्रत्येक टाक्यामागे बारीक सावली पडते आणि ती लाटांसारखी पोत दिसते. तुझ्या कोटाची खरी ओळख त्या पोतात आहे, ज्युरीला हात लावता येत नाही तर डोळ्यांनी तरी लागू दे.

मसुद्याबद्दल खरं सांगते, राग मानू नको. आजीची माया खरी आहे पण ते वाक्य जुन्या कापडावर काम करणारी प्रत्येक बाई लिहिते, मी पण लिहिलं होतं. ज्युरीला कळायला हवं की समोर काय आहे. किती थर, कोणतं कापड, इंचाला किती टाके, आधी गोधडी मग कापणी की उलटं. आजी एका वाक्यात पुरे, ती कुठली आणि लुगडं किती वर्षं नेसली एवढं.

वाकळ_कोल्हापूर

मी इथली म्हातारी आहे, मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितेय. आधी मनात आलं, अगं लुगडं कापलंस कशाला. आमच्याकडे वाकळेला लुगडं कापत नाहीत, अख्खं घडी घालून आत घालतात, वरून मोठे तुकडे जोडतात. पण पेटीत ठेवून रेशीम घडीवर चिरतंच, माझ्या सासूबाईंचं तसंच गेलं, उघडलं तर घडीघडीवर फाटलेलं. त्यापेक्षा तू अंगावर घेतलंस ते बरं केलंस बाळा.

शिवणीचं सांगते. चार थरांची शिवण मुंढ्यात आणि खांद्यावर जाड होते, गाठोड्यासारखी. शिवणीच्या आतल्या मायेतून, म्हणजे शिवणीपुढे सोडलेल्या जादा कापडातून, धोतराचे मधले थर कातरून काढ, वरचं आणि अस्तर तेवढं राहू दे, मग शिवण बसेल. जिथे कापलंय तिथे कडेने बारीक मशीनची टीप मारली आहेस ना? नसेल तर गोधडीचे टाके कडेपासून उसवत येतात. कोणी पुढे करणार असेल तर लक्षात ठेवा, धावदोरा घातला की कापड सगळीकडून आवळतं, म्हणून आधी मोठा तुकडा गोधडी करून घ्यायचा आणि मग त्यावर माप टाकून कापायचं, उलटं केलं की कोट तोकडा होतो.

लाल रंगाचं, तो आता धुवायला जाऊ नको. जुन्या इरकलीचा लाल पाण्यात सुटतो, एक डाग काढायला जाशील तर सगळं अस्तर गुलाबी होईल. पांढरं फडकं ओलं करून पदराच्या आतल्या कोपऱ्यावर दाबून बघ, किती सुटतोय कळेल. आणि शोमधली मुलगी दिव्याखाली घामाघूम होणार, घामाने रंग परत सुटणार, म्हणून मुंढ्याला आतून चांगली दोन इंच रुंद उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लाव, सुती, गडद रंगाची, हाताने तुरपून. डाग पण जाईल आणि घाम पण पट्टीवर अडेल.

माग_आणि_मी

मी विणकाम शिकवतो, सोलापूर. ताई, एक विचारायचं होतं, पाठीवर टोपपदर घेतलाय म्हणालात आणि कंबरेवर पट्टा, तर अंग आणि पदर जिथे जोडला जातो ती रेघ कुठे आलीय?

विचारतोय कारण इरकलीचं सगळं वैशिष्ट्य तिथे आहे. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, अंगाचा ताणा वेगळा, अंग सुती असलं तरी पदराचा ताणा रेशमी लाल, आणि हे दोन ताणे मागावर चढवताना फासे घालून एकमेकांत अडकवतात, एकेक धागा. याला कोंडी म्हणतात. नुसता रंग बदलून विणलेला पदर नाही तो. जवळून बघितलं तर त्या रेघेवर बारीक बारीक फासे दिसतात. विणकाम कळणारा कोणीही ज्युरीमध्ये असेल तर तो आधी तिथे थांबेल. काठ पण बघा, गोमी आहे का चिक्की, माहितीत नावाने लिहा.

सुईदोरा_मिनेसोटा

माग_आणि_मी दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच कोट काढून बघितला. ती रेघ बरोबर कंबरेवर येते आणि मी वरून पट्टा लावलाय तो नेमका तिच्यावरच बसतो. मला ती जोडाची जागा वाटली म्हणून झाकली होती. भिंग घेऊन बघितलं, फासे दिसतायत, एका ओळीत, सारखे. आजी नेहमी म्हणायची की पदर वेगळा असतो पण मला वाटायचं रंगाबद्दल बोलतेय.

काठ गोमी आहे. काकू, मशीनची टीप मारली होती, पण मुंढ्यातले थर काढले नव्हते, आज काढायला बसते. आणि उरेब पट्टीसाठी आजीच्याच एका जांभळ्या साडीचा तुकडा शिल्लक आहे.

खणचोळी

पट्टा काढ. आत्ताच काढ. आणि जवळचा फोटो त्या रेघेचा, गोधडीचा धावदोरा तिच्यावरून जाताना दिसायला हवा.

मॉडेलचं राहिलं. बटणं नेमक्या मापाला लावलेली असतील तर त्रास होतो, पट्टा जाणारच आहे तर पुढे आतून दोन बंद दे, एक आत एक बाहेर, म्हणजे छातीत दोन-तीन इंच कमीजास्त चालेल. कोट घालायचा कसा, आत कोणता रंग, बंद कुठला कुठे, याचे चार फोटो छापून खोक्यातच ठेव, मागे शोच्या गडबडीत तुला विचारायला कोणी फोन करणार नाही. माझा एक दुपट्टा उलटा नेसवून फिरवला होता.

किंमत: तास लिहून ठेवले आहेस का? सात महिने रोज तास धरला तर दोनशेच्या वर तास होतात, तासाला वीस डॉलर धरले तरी चार हजार, वर साहित्य. आजीचं लुगडं परत मिळणार नाही हे खरं, पण विम्याला भावना कळत नाहीत, तास आणि साहित्य कळतं, तेच कागदावर मांड, आणि आयोजकांची विम्याची मर्यादा किती ते वाच. विकायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही.

वेलिंग्टनकर

मी न्यूझीलंडहून, थोडं वेगळं सांगतो. इथे वेलिंग्टनला वर्ल्ड ऑफ वेअरेबलआर्ट हा अंगावर घालायच्या कलाकृतींचा शो होतो, १९८७ साली नेल्सनजवळ छोट्या प्रमाणात सुरू झाला, २००५ पासून वेलिंग्टनला असतो, जगभरातून एंट्री येतात, भारतातूनही. बायको दरवर्षी जाते, मी दोनदा गेलोय. तिथे कपडा स्टेजवर नाचतो, पळतो, कितीतरी प्रयोग होतात. तुमच्या कोटासारखं जुनं रेशीम तिथे टिकणार नाही, म्हणून कोणी सुचवलं तर तिथे हा कोट पाठवू नका, नवीन काही करून पाठवा.

पण एक चाचणी कुठल्याही शोच्या आधी करा, कोट घालून जिना चढा-उतरा, हात वर करा, बसा उठा, दहा मिनिटं चाला. जिथे धागा ताणला जातो तिथे आतून बारीक सुती कापडाचा आधार द्या. आणि पॅक करताना घडीवर घडी नको, आम्लविरहित टिश्यूचे गुंडाळे घडीत घाला, नाहीतर वरच्या काकू म्हणाल्या तसं रेशीम घडीवर चिरतं. पाठवायच्या आधी बंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, कसरीची अंडी असली तर मरतात, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर दव कापडावर बसेल आणि तुमचा लाल रंग आहेच.

सुईदोरा_मिनेसोटा

सगळ्यांना मनापासून थँक्यू. आयोजकांना मेल केली, जुनं हातमागाचं कापड चालतं असं उत्तर आलं. पट्टा काढला, मुंढे हलके केले, जांभळी पट्टी अर्धी तुरपून झालीय. फोटो शनिवारी सकाळी काढते, मोठी मुलगी कोट घालून उभी राहणार आहे, माझ्यापेक्षा तिला तो जास्त चांगला बसतो.

नवीन मसुदा: "चार थरांचा हातशिलाईचा कोट. वर गोमी काठाचं हातमागाचं इरकल लुगडं, मध्ये धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचे दोन थर, आत सुती साडी. इंचाला सहा-सात टाके, धावदोरा, महाराष्ट्रातल्या गोधडीच्या पद्धतीने. आधी गोधडी केली, मग कापली. पाठीवर कंबरेशी लुगड्याचं अंग आणि लाल रेशमी पदर यांचे ताणे फाशांनी जोडलेले दिसतात, ही जोडणी विणकराने मागावर केली आहे, मी ती तशीच ठेवली आहे. लुगडं माझ्या गडहिंग्लजच्या आजीचं, तिने ते तीस वर्षं नेसलं."

काकू, तुम्ही बाळा म्हणालात ना, ते वाचून थोडा वेळ काम थांबवावं लागलं. माग_आणि_मी दादा, "फाशांनी" हे इंग्रजीत कसं लिहू म्हणजे विणकराला लगेच कळेल?

माग_आणि_मी

इंग्रजीत "लूप्ड वॉर्प जॉइन" असं लिहा आणि शेजारी कोंडी हा शब्द तसाच ठेवा. ज्यांना माहीत नाही ते शोधतील.