गेमचे वेड आणि बारावीनंतरची वाट

‘बारावीतला मुलगा सतत गेममध्ये असतो, यातून त्याचे पोट भरेल का?’ हा ताईंचा प्रश्न आणि त्यावर आलेला ‘मोबाईल काढून घ्या’ हा सल्ला, दोन्ही वाचले. मला तो सल्ला पटत नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचा, विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यासाठी पदकेही दिली गेली. तरीही केवळ खेळून चरितार्थ चालवणारे मोजकेच असतात, तेव्हा त्या आशेवर वर्ष घालवू नये.

खरा वाव गेम घडवण्यात आहे. त्याला विचारा, की अनेक गेममध्ये पात्राने कड्याचा काठ सोडल्यावरही निमिषभर उडी का घेता येते? ती सवलत कोणीतरी हेतुपुरस्सर कोडमध्ये लिहिलेली असते, आणि ती कशी लिहिली हे ज्याला शोधावेसे वाटते, त्याच्यामागे प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी लागावे लागत नाही. गेम तयार करण्याचे गोडो आणि संगणकावर त्रिमितीय (थ्रीडी) आकृत्या घडवण्याचे ब्लेंडर ही साधने मोफत आहेत. चित्रकलेची ओढ असेल, तर बाबूराव पेंटरांच्या या कोल्हापुरात रेखाटनाचे पक्के धडे त्याने जरूर घ्यावेत. तो पाया थ्रीडी मॉडेलिंगला थेट उपयोगी पडतो. पदवी मात्र सोडू देऊ नका. सुट्टीत एकच छोटा गेम, अगदी रंकाळ्याच्या काठावर घडणारा का असेना, त्याने पूर्ण करून लोकांना खेळायला द्यावा. मुलाखतीत दाखवायला गुणपत्रिकेखेरीज काहीतरी हातात असेल.